घड्याळजींची सूज

इस्त्रीमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत एक तासही घेतला नव्हता. त्यांची लॉन्ड्री होती. गिऱ्हाईक बोचकं घेऊन आलं की मास्तर ते सोडून एकेक कपडा उलगडत, उजेडाकडे धरत, उलटसुलट करत आणि मग उत्तरपत्रिका तपासून झाल्यासारखे चष्म्यावरून त्या गिऱ्हाइकाकडे बघत. त्या नजरेने भल्याभल्यांना आपण दोन विषयांत नापास झालो असं वाटे. त्यावरून कुणीतरी त्यांना मास्तर म्हणालं आणि मास्तरांना ते मनापासून आवडलं.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस तोंडाने काहीही सांगेल, त्याचे कपडे मात्र खरं तेच सांगतात. कॉलर कुठे मळली, कोपर कुठे झिजलं, खिशाची शिवण कुठल्या बाजूने उसवली, यावरून त्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री होती. बघायचं ते त्यांना बरोबर दिसायचं, याबद्दल वाद नाही. एवढासा डाग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फक्त त्यावरून ते जे ठरवत, ते कधी म्हणजे कधीच बरोबर नसे.

बँकेतल्या वयस्कर कारकुनाचंच घ्या. त्याच्या पँटी दोन्ही गुडघ्यांवर झिजून येऊ लागल्या. मास्तरांनी त्या हातात घेऊन सुस्कारा सोडला. हा बिचारा रोज घरी गुडघे टेकून बायकोची माफी मागतो, हे उघड होतं. मास्तर कुणाला उगाच बोलून लाजवणाऱ्यातले नव्हते. त्यांनी गुपचूप त्याच्या शर्टांना दुप्पट खळ घालायला सुरुवात केली, म्हणजे निदान शर्टाच्या आधाराने तरी गडी ताठ उभा राहील. कारकून ताठ झाला, इतका की सही करायला त्याला कोपर वाकवता येईना. हा आता कुणाला जुमानत नाही असं वाटून त्याचे साहेब त्याला वचकून राहू लागले. पुढे कळलं की कारकुनाने नातवासाठी खेळण्यातली आगगाडी आणली होती आणि नातू झोपला की हाच जमिनीवर रांगत ती चालवायचा.

गाणं शिकवणाऱ्या बाईंची उजवी बाही कायम कोपरापर्यंत ओलसर येई. मास्तर समजले की बाई बाहीला डोळे पुसतात. त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यात एक नवा, इस्त्री केलेला रुमाल सरकवायला सुरुवात केली. रुमालांचा ढीग झाल्यावर बाई तो परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, काका, कुणाचे तरी रुमाल चुकून माझ्यात येतात, आणि माझा मासा आजारी आहे, रोज टाकीत हात घालावा लागतो, तर हे डाग जातील का.

अशा वेळी मास्तरांची बायको गल्ल्यामागून शांतपणे म्हणे, "अहो, तुमचा पुन्हा गैरसमज झाला." सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. लग्नाआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि शब्द तोलूनमापून वापरायची सवय तिची गेली नव्हती. मास्तर मान हलवत, "झाला असेल," म्हणत आणि पुढचं बोचकं सोडत. गैरसमजाचं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. पडसं यावं आणि जावं तसा तो त्यांना यायचा आणि जायचा.

मास्तरांना मित्र एकच, शेजारच्या दुकानातले आणि दुकानामागेच राहणारे घड्याळजी. दोघांच्या दुकानांची भिंत एक होती आणि बाहेर दोघांच्या मधोमध एक लाकडी बाक होतं. चार वाजले की घड्याळजी डोळ्याचं भिंग काढून बाहेर येत, मास्तर इस्त्री उभी करून येत, आणि दोघं चहा घेत. घड्याळजी अंगाने भरदार. ते बसले की बाक कुरकुरे आणि मास्तरांची बाजू किंचित वर उचलली जाई. इतक्या वर्षांत मास्तरांना सपाट बाकावर बसायची सवयच राहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी घड्याळजींच्या लेकीने आपलं आपण लग्न ठरवलं. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, हसतमुख. पण त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळजी हबकलेच. लोक वेळ मोबाईलमध्ये बघू लागल्यापासून त्यांच्या दुकानात माशा वारायची पाळी आली होती. ज्या वस्तूने आपल्या दुकानात गिऱ्हाईक ठेवलं नाही, तिचा माणूस आपल्या घरात जेवायला बसणार, हे त्यांना सोसेना. त्याचं तोंड बघणार नाही, असं ते याच बाकावर बसून म्हणाले. मास्तरांनी तर दोस्तावर वरताण केली. त्या पोराचा शर्ट माझ्या इस्त्रीखाली येणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. ते पोर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होतं आणि त्याने कधी इथे शर्ट टाकलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तर गेल्या थंडीत एक दिवस घड्याळजींच्या घरून नेहमीचं बोचकं आलं. मास्तरांनी तपकिरी पँट उलगडली आणि त्यांचा हात थांबला. कमरेला नवी शिवण होती. दोन बोटं आत घेतलेली. टाका घड्याळजींच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या मशीनचा, तो मास्तर डोळे मिटून ओळखत. पँट बाजूला ठेवून ते पाणी प्यायले.

पुढच्या खेपेला तीच पँट आणखी दोन बोटं आत आली. त्यापुढच्या खेपेला राखाडी कोट आला, पाठीत दोन्ही बाजूंनी दाबलेला. मास्तरांनी तो कोट टेबलावर पसरला. मग काकूंना आत बोलावून सांगितलं की आपला घड्याळजी आता फार दिवसांचा सोबती नाही. झिजत चाललाय.

काकूंनी खिडकीतून बाहेर बघितलं. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाव खात होते. शर्टाच्या बटणांवर ताण पडून मधून मधून बनियन दिसत होतं.

"अहो, समोर बघा जरा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "सूज आहे ती," ते म्हणाले.

यावर काकूंनी पुष्कळ वाद घातला. त्यांनी विचारलं, मग बोचक्यातले बाकीचे शर्ट पूर्वीसारखे ऐसपैस कसे येतात? मास्तरांकडे उत्तर तयार होतं. ते शर्ट सुजेच्या वेळचे आणि आत घेतलेले कपडे सूज उतरल्यावरचे. लेक माहेरी आली होती, पोट पुढे घेऊन, बाळंतपणाला, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. मास्तर म्हणाले, बाळंतपणाचं नुसतं निमित्त, बापाला बघायला बोलावून घेतलंय. वहिनींनी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या नेल्या होत्या. त्या लेकीसाठी असतील हे मास्तरांना सुचलंच नाही असं नाही. सुचलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं. घड्याळजींच्या मागच्या खोलीचा पडदा हल्ली दिवसभर ओढलेला असतो, हेही त्यांनी हेरून ठेवलं होतं. एवढा पुरावा जमल्यावर समोर बसून बशी चाटूनपुसून संपवणारा घड्याळजी म्हणजे फक्त डोळ्यांची फसवणूक होती.

मास्तरांना मित्राचं मन जपायचं होतं. तो आपणहून सांगत नाही, तोवर विचारायचं नाही. पण जगाने त्याच्याशी जरा सांभाळून वागावं, म्हणून त्यांनी बेकरीवाल्या बाईंना विश्वासात घेतलं. मग औषधवाल्याला. मग सलूनवाल्याला, अगदी शपथ घालून. सलूनवाल्याला शपथ घालून सांगितलेली गोष्ट कुठे जाते हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, पण मास्तर दुःखात होते.

आठवडाभरात घड्याळजींचं दुकान भरून गेलं. त्यांना शेवटी आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटावं, म्हणून लोक घरातली घड्याळं उतरवून आणू लागले. घड्याळं धडधाकट होती. बिघडवून आणायचा जीव कुणाला झाला नाही. "जरा मागे पडतंय वाटतं," असं काहीतरी पुटपुटून लोक ते काउंटरवर ठेवत आणि वर म्हणत, घाई नाही हं, तुम्हाला जमेल तेव्हा, जमलं तर. बँकेतल्या कारकुनाने तर कालच घेतलेलं घड्याळ आणलं.

घड्याळजींनी पहिलं घड्याळ उघडलं. दोष सापडला नाही. दुसरं उघडलं. सापडला नाही. त्यांनी भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला, चिमट्याने एकेक चाक हलवून बघितलं. सगळीकडे सगळं ठाकठीक. भिंतीवर, फळ्यांवर, काउंटरवर घड्याळं सुरात टिकटिकत होती आणि त्यांच्या मधोमध घड्याळजी कपाळाला हात लावून बसलेले. मास्तरांनी दारातून ते बघितलं आणि त्यांना भडभडून आलं. बिचाऱ्याला आता काटेही दिसेनासे झाले.

या सगळ्या दिवसांत मास्तरांच्या स्वतःच्या दुकानातही एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. लोक धुवायला चक्क धुतलेले कपडे टाकत होते. डाग नाही, मळ नाही, काही तर घडीही मोडलेली नाही. मास्तरांनी ते कपडे उजेडाकडे धरले, वास घेतला आणि बाजारात मंदी आल्याचं निदान केलं. लोकांना कामधंदा उरला नाही, घाम येत नाही, कपडे मळत नाहीत. एकीकडे दोस्ताचं असं आणि दुसरीकडे जगाचं असं. दिवस वाईट आले होते खरे.

आणि अशा अवस्थेतही घड्याळजी किती मोठ्या मनाचे. जड बोचकं दिसलं की धावत येऊन उचलत. रस्ता ओलांडताना मास्तरांचा दंड धरत. पूर्वी साध्या पावसापाण्यावरून हमरीतुमरीवर येणारा माणूस हल्ली मास्तर म्हणतील त्याला मान डोलवत होता. जाणारा माणूस असा मऊ होतो, मास्तर काकूंना म्हणाले. काकूंनी पेन्सिलीने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर काहीतरी खोडलं.

अखेर एक दिवस चहाच्या वेळी घड्याळजींनी घसा खाकरला.

"तुला एक सांगायचंय. बरेच दिवस तोंडाशी येतंय आणि मागे जातंय."

"नको सांगूस," मास्तर म्हणाले. "मला माहीत आहे."

घड्याळजींचा बिस्किटाचा हात कपातच राहिला. "कधीपासून?"

"पहिली पँट आली तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तुला वाटेल तेव्हा तू सांगशील म्हटलं."

"रागावला नाहीस?"

"रागावू कुणावर? यात तुझा काय दोष? असल्या गोष्टी कुणाच्या हातात असतात?"

"मीही तेच म्हणतो. पहिल्यांदा जड गेलं, खोटं कशाला बोलू. आता सवय झाली."

"वहिनींना फार करावं लागत असेल."

"छे. तिला तर करण्याचा हुरूपच आलाय."

मास्तरांना वहिनींबद्दल अपार आदर वाटला. त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "किती दिवस म्हणतात?"

"दिवस कसले घेऊन बसलास? आता कायमचंच धर."

मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. घड्याळजींचेही डोळे भरून आले. "तुझं स्वतःचं एवढं असताना तू माझा विचार करतोस," ते म्हणाले, आणि मास्तरांना वाटलं, हा माझ्या लॉन्ड्रीतल्या मंदीबद्दल बोलतोय. बिस्कीट केव्हाच विरघळून कपाच्या तळाला गेलं होतं. दोघांनी तो चहा तसाच टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानाबाहेर दांडीला शर्ट अडकवत होते. नजर सहज कोपऱ्यावर गेली. राखाडी कोट पाठमोरा चालला होता. तोच कोट, त्यात शंका नाही. डाव्या बाहीच्या बटणाला तपकिरी दोरा होता, राखाडी संपला म्हणून मास्तरांनीच ओवलेला. आणि कोटाच्या आत, जिथे काल संध्याकाळपर्यंत घड्याळजी नावाचा भरदार गृहस्थ होता, तिथे आता एक काडी चालली होती.

मास्तर हातातल्या हँगरसकट धावत सुटले. चप्पल एक मागे राहिली. त्यांनी मागून त्या कोटाला मिठी मारली आणि पाठीवर डोकं टेकलं.

"एका रात्रीत?" ते हुंदका देत म्हणाले. "अरे, एका रात्रीत एवढा वाळलास?"

कोट वळला. आत एक कोवळा चेहरा होता, विरळ मिशा आणि दोन घाबरलेले डोळे. क्षणभर, अगदी एक क्षण, मास्तरांच्या मनात आलं की या रोगात माणूस तरुणही होत असला पाहिजे.

"काका," तो चेहरा म्हणाला, "मी जावई."

तोवर सलूनवाला कंगवा हातात घेऊन बाहेर आला होता, त्याच्या मागे अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक. बेकरीवाल्या बाई आल्या, औषधवाला आला. आणि गलका ऐकून आपल्या दुकानाच्या दारात खुद्द घड्याळजी येऊन उभे राहिले, बनियनवर, दाराची चौकट दोन्ही बाजूंनी भरून.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. त्या पोराच्या भाड्याच्या खोलीवरची पाण्याची टाकी फुटली होती आणि गंजाच्या पाण्याने कपडालत्ता वाया गेला होता. लेकीने आईला सांगितलं, आईने घड्याळजींशी अबोला धरला, आणि घड्याळजींनी शेवटी त्याला मागच्या दाराने घरात घेतलं. आपले जुने कपडेही दिले. वहिनी ते अंदाजाने आत घेत होत्या. आपल्या हातचं खाऊन पोर अंगाने भरेल, या आशेवर दर वेळी सैलच ठेवत आणि पोर काही भरत नसे, म्हणून पुन्हा दोन बोटं घेत. हे मास्तरांना कुठल्या तोंडाने सांगायचं, हा प्रश्न होता. कपडे आपलेच आहेत, तेव्हा बोचक्यातून काही कळायचं नाही, असं घड्याळजींनी धरलं होतं. काल बाकावर मास्तर म्हणाले की मला माहीत आहे आणि राग नाही, तेव्हा कुठे आज जावई पहिल्यांदा पुढच्या दाराने, उजळ माथ्याने बाहेर पडला होता.

"म्हणजे तुम्ही मरत नाही?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. दोन पाव रोज फुकट दिले होते त्यांनी.

घड्याळजींना हसू यायला हवं होतं. कडेला उभं राहून बघणारा कुणीही हसला असता. पण ते वळून दुकानात गेले आणि एक घड्याळ घेऊन बाहेर आले. हे कुणाचं, त्यांनी विचारलं. कारकुनाने हात वर केला. यात काय बिघडलंय? काही नाही, कारकून म्हणाला. मग दुसरं घड्याळ. मग तिसरं. एकेक जण खाली मान घालून काही नाही, काही नाही म्हणत गेला.

"मला वाटलं माझे हात गेले," घड्याळजी म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "मी अवजारं पुसून डब्यात भरली. हिला सांगितलं, दुकान बंद करू या."

मग त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी चार वाजता मास्तर बाकावर जाऊन बसले. बाक सपाट होतं. दुसऱ्या दिवशीही सपाट होतं. घड्याळजींनी चहा आत घ्यायला सुरुवात केली होती. भिंतीपलीकडून कपबशीचा आवाज येई, तेवढाच. मास्तरांनी घड्याळजींच्या शर्टांची इस्त्री जीव ओतून केली, तर पुढच्या खेपेला बोचकंच आलं नाही.

"एवढं काय झालं?" ते काकूंपुढे तक्रार करू लागले. "गैरसमज झाला. माणसाचा होतो. आजवर काय कमी झाले? कुणी असं दार लावलं नव्हतं."

काकूंनी पेन्सिल कानावर ठेवली. फार विचार करायचा असला की त्या असं करत.

"छापखान्यात आम्ही दोन चुका वेगळ्या धरायचो," त्या म्हणाल्या. "मूळ प्रतीतलं अक्षर पुसट आहे, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने भलतंच वाचलं, तर त्याला कुणी बोलायचं नाही. पण प्रतीत स्वच्छ लिहिलंय, त्याला दिसतंय, आणि तरी तो आपल्या मनातलंच जुळवतो, ती चूक निराळी. पहिल्या चुकीला गैरसमज म्हणा. दुसरीला विपर्यास म्हणतात."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. वाईट तर तुमच्या मनात कधीच नसतं. पण गैरसमज आपसूक होतो, विपर्यासाला मेहनत घ्यावी लागते. तो तुमच्यासमोर बसून खात होता. तुम्ही त्याला सूज ठरवलंत. गोळ्या लेकीच्या असतील हे तुम्हाला सुचलं, ते तुम्ही झटकलंत. शेजारी बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा सोडून तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात. मीच इतकी वर्षं चुकीचा शब्द वापरत आले. प्रत्येक वेळी गैरसमज म्हणून तुम्हाला सोडून दिलं."

मास्तर इस्त्रीच्या टेबलाशी गेले. समोर कुणाचा तरी सदरा होता. त्यांनी तो न उलगडताच ठेवून दिला.

संध्याकाळी ते घड्याळजींच्या दुकानात गेले. भिंती रिकाम्या झाल्या होत्या. लोकांनी आपापली घड्याळं नेली होती. अवजारांचा डबा बंद होता आणि घड्याळजी त्यावर हात ठेवून बसले होते.

"मी गैरसमज झाला असं सांगायला आलो नाही," मास्तर म्हणाले. "ही म्हणते तो विपर्यास होता. बरोबर म्हणते. कपडा उलट्या बाजूने इस्त्री करून वर हीच सुलट म्हणत बसलो. तू समोर होतास. मी तुझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्या पँटीकडे बघत होतो."

मास्तरांनी मनगटावरचं आपलं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

"हेही ठीक असेल," घड्याळजी कडवटपणे म्हणाले.

"नाही. गेल्या वर्षी टबात पडलं. तेव्हापासून बंद आहे. तू रागावशील म्हणून तसंच घालत होतो."

घड्याळजींनी घड्याळ कानाला लावलं. मग डबा उघडला, भिंग डोळ्याला चढवलं आणि मागचं झाकण काढलं. आतून गंजाची पूड सांडली. ते बघताना त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. गंज, ते म्हणाले, साबण, आणि हे काय, धागा. एवढी घाण मी जन्मात बघितली नाही. त्यांच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

चाकं काढता काढता, मान वर न करता, ते म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. तू मरतोयस, असं मी सलूनवाल्याला सांगितलं होतं."

"मी?"

"तुझे डोळे सारखे भरलेले. भांडत नाहीस. बाकाची उन्हाची बाजू मला देतोस. मला वाटलं, हा चाललाय आणि मला कळू देत नाही. म्हणून तर जावयाचं सांगायची घाई केली. म्हटलं, मनात ठेवून गेला तर मला आयुष्यभर लागून राहील. विपर्यास म्हण नाहीतर काय म्हणायचं ते म्हण."

मास्तर विचारात पडले. "म्हणजे ते धुतलेले कपडे..."

"तुला बरं वाटावं म्हणून टाकत होते लोक. फार मेहनत पडू नये म्हणून आधी धुऊन."

"मग मंदी नाही?"

"कसली मंदी?"

सलूनवाल्याला पुढे गल्लीने चांगलंच फैलावर घेतलं. दोघंही एकमेकांबद्दल हा मरणार म्हणून सांगून गेलेत, म्हणजे दोघंही ठणठणीत असणार, हे एकट्या त्यालाच माहीत होतं, मग तो बोलला का नाही? तो म्हणाला, दोघांनीही शपथ घातली होती, आणि आपण दिलेला शब्द पाळणारे आहोत. एकाचा रोग तेवढा गल्लीला सांगायचा आणि दुसऱ्याचा नाही, असा भेदभाव मात्र त्याने केला नव्हता.

जावई आता पुढच्या दाराने ये-जा करतो. त्याचा शर्ट मास्तरांच्या इस्त्रीखाली येतो आणि मास्तर त्याला खळ बेताचीच घालतात. लेकीला मुलगी झाली. ती आजोबांवर गेली आहे, पाळणा कुरकुरतो.

चार वाजता बाक पूर्वीसारखं एका बाजूला कलतं. परवा घड्याळजी आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं वरून तिसरं बटण नव्हतं. दोरा ओढून तुटल्यासारखा बाहेर आला होता. मास्तरांनी ते बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, आत काहीतरी जुळू लागलं. गल्ल्यामागे काकूंनी पेन्सिल कानावर ठेवली.

घड्याळजींनीही ते ओळखलं. "काय झालं असेल?" ते म्हणाले. "सांग बघू."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. तो गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

"तूच सांग," ते म्हणाले.

"खणाच्या मुठीत अडकलं."

मास्तरांनी थोडा वेळ वाट बघितली. पुढे काही येईना.

"एवढंच?"

"एवढंच," घड्याळजी म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं.